दोघींनी मिळून लिहिलेला कोड

प्रिय ताई,

मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं झाली, यूट्यूबवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे व्हिडिओ बघतेय. बघताना सगळं समजतं. पण व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल बाकीच्यांसारखंच मीही उतरवून काढलंय.

आता फायनल प्रोजेक्ट आहे. आमच्या घरी दूध संकलन केंद्र आहे. पप्पा दर दहा दिवसांनी रात्री जागून बिलं काढतात, त्याचाच प्रोग्रॅम करावा असं मनात आहे. वर्गातली एक मैत्रीण म्हणते, दोघी मिळून करू. ती माझ्यापेक्षा खूप हुशार आहे. भीती वाटते की ती भराभर लिहील आणि मी नुसती बघत बसेन. दादा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो, "दुसऱ्याच्या जिवावर शिकलेलं इंटरव्ह्यूत उघडं पडतं, तुझं तू कर. नाहीतर इकडे क्लास लाव." क्लासची फी 60 हजार आहे. लोक ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करून शिकतात असंही ऐकते, पण माझं इंग्रजी कच्चं आहे. आणि अडलं की एआयला विचारून कोड चिकटवते, तेही बरोबर वाटत नाही. काय करू?

एक विद्यार्थिनी, बार्शी तालुका

*

मैत्रिणीला हो म्हण. उद्या कॉलेजला गेलीस की पहिलं काम ते. फक्त हो म्हणताना एक अट घाल: कीबोर्ड बराचसा वेळ माझ्याकडे राहील. तुझ्या भीतीवरचा उपाय याच अटीत आहे, तो पुढे सांगते. क्लासच्या फीचं सगळ्यात शेवटी बोलू.

आधी व्हिडिओंचं. बघताना समजतं आणि लिहिताना सुचत नाही, यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. व्हिडिओ करणाऱ्याने तो प्रोग्रॅम आधीच लिहून पाहिलेला असतो. रेकॉर्डिंगच्या आधी तोही अडलेला असतो, चुकीच्या वाटेने जाऊन परत आलेला असतो, एकेका एररशी झटापट करून झालेली असते. ते सगळं कापून तुझ्यापर्यंत फक्त उत्तर पोचतं. आणि शिकायचं असतं ते नेमकं त्या कापलेल्या भागात. सुरुवात कुठून करू, या यादीला नाव काय देऊ, एरर आली तर आधी कुठे बघू, किती वेळ शोधलं म्हणजे ही वाट सोडून द्यायची. काम करताना माणूस असे निर्णय सारखे घेत असतो आणि ते कुठेच लिहून ठेवत नाही. ते बघायचे तर तो काम करत असताना शेजारी बसावं लागतं.

तुमच्या बिलाचंच घेऊ. मला हा प्रोजेक्ट फार आवडला, कारण याचं उत्तर बरोबर आलं की नाही हे तुझे पप्पा आणि दूध घालणारे शेतकरी सांगणार आहेत. लायब्ररी मॅनेजमेंटचा तोच तो प्रोजेक्ट दरवर्षी नाव बदलून जमा होतो, त्यात चूक असली तरी कुणाचं काही अडत नाही. इथे अडतं.

समज, तू कीबोर्डवर आहेस आणि ती शेजारी. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, सगळं भरून झालंय. एक ते दहा तारखेच्या बिलाची बेरीज करायची आहे. तू फॉर लूप लिहितेस, म्हणजे एकेका तारखेसाठी तेच काम पुन्हा करायची सूचना, आणि कुठून कुठपर्यंत ते सांगणाऱ्या रेंजच्या कंसात एक आणि दहा टाकतेस. रन करतेस. आकडा येतो, एरर नाही. एकटी असतीस तर इथून पुढे गेली असतीस. शेजारची म्हणते, "थांब, एका शेतकऱ्याचं हातानं करून बघू." पप्पांच्या वहीतलं एक पान काढता, कॅल्क्युलेटरवर बेरीज करता. प्रोग्रॅमचा आकडा कमी भरतो. कितीने, तर बरोबर एका दिवसाच्या दुधाइतका. मग तू लूपमध्ये प्रिंट टाकून तारखा छापतेस. एक, दोन, तीन करत नऊवर येऊन संपतं. दहा तारीख नाहीच. पायथनच्या रेंजमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत, हे तू व्हिडिओत कितीदा तरी ऐकलं असशील. पण आता ते विसरायची नाहीस, कारण या वेळी एका माणसाचं दोन वेळचं दूध हिशेबातून गेलं होतं आणि ते तुम्ही दोघींनी शोधून काढलं.

यात रेंजच्या जोडीला तुला आणखी एक गोष्ट मिळाली. एरर आली नाही म्हणून उत्तर बरोबर असं समजायचं नाही, एक नमुना हाताने करून ताडून बघायचा. ही सवय मैत्रिणीची. आपण काही शिकवलं असं तिला वाटणारही नाही. ती फक्त "थांब" म्हणाली.

उलटंही होईल. तिसरं बिल 21 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचं. ती म्हणेल, 21 ते 30, त्यात काय. तू संकलन केंद्राच्या घरातली, तू म्हणशील, "अगं, जानेवारीत 31 तारखेचंही दूध येतं आणि फेब्रुवारीत आठच दिवसांचं बिल निघतं." लीप वर्षी नऊ दिवसांचं. हे तिच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नाही. ती हुशार आणि आपण ढ अशी वाटणी तू पत्रात करून टाकली आहेस. पण कामाची माहिती असलेलं माणूस जवळ नसेल तर हुशारातला हुशार प्रोग्रॅमरही चुकीचं बिल काढतो. या प्रोजेक्टमध्ये ते माणूस तू आहेस.

एक अडचण तर तुम्हा दोघींनाही गाठणार, म्हणून आधीच सांगून ठेवते. फॅटप्रमाणे दराचा तक्ता लागेल. तो 3.2 पासून सुरू करून 0.1 ने वाढवत नेलात, तर 3.3 फॅटचा दर मागितल्यावर पायथन "की एरर" देईल. तक्ता डोळ्यांसमोर, 3.3 ची ओळ हवी तिथे आहे, तरी सापडत नाही. पायथनला 3.2 आणि 0.1 ची बेरीज छापायला सांगा, 3.3000000000000003 असं उत्तर येईल. संगणक आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि 0.1 त्या पद्धतीत नेमका बसत नाही, एका अतिसूक्ष्म फरकाने इकडेतिकडे होतो. उपाय सोपा आहे: फॅट दहापट करून पूर्णांकात ठेवायचं, 32, 33, 34 असं, आणि रकमा पैशांत. पण उपाय कळण्याआधीचा जो एक तास असतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे. एकटीला हा एरर आला की मन लगेच म्हणतं, मलाच जमत नाही. लॅपटॉप मिटतो. शेजारी तुझ्यापेक्षा हुशार मुलगी असेल आणि तिलाही ते कळत नसेल, तर गोष्टच अवघड आहे हे समजतं. मग शोधायला हुरूप येतो. प्रोग्रॅमिंग सोडून दिलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. बुद्धी कमी म्हणून त्यांनी सोडलं नाही. अडणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे त्यांना कधी दिसलंच नाही, म्हणून सोडलं.

आता कीबोर्डची अट. दोघांनी एका मशीनवर बसून कोड लिहायच्या या पद्धतीला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. कीबोर्डवरचा तो ड्रायव्हर, शेजारचा नेव्हिगेटर. फार जुनी पद्धत आहे, पण तिला नियमात बसवलं ते केंट बेक यांनी. 1996 पासून अमेरिकेत क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रणालीवर ते काम करत होते, तिथे ही पद्धत पक्की झाली. म्हणजे तुझ्या बिलासारखंच काम: माणसाचे पैसे, तारखा, आणि चुकून चालणार नाही. पुढे लॉरी विल्यम्स यांनी युटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. जोडीने काम करणाऱ्यांना मिळून सुमारे 15 टक्के वेळ जास्त लागला आणि त्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका सुमारे 15 टक्के कमी निघाल्या. नोकरीत या आकड्यांवर वाद घालता येईल, पण शिकणाऱ्याला तो जास्तीचा वेळ म्हणजेच शिकवणी आहे.

या पद्धतीत जो कच्चा त्याच्या हातात कीबोर्ड द्यायचा. हुशार माणूस कीबोर्डवर बसला की त्याचं डोकं थेट बोटांत उतरतं, शेजारच्याला फक्त पळणारा कर्सर दिसतो. तू ज्याला घाबरतेस ते हेच. तू कीबोर्डवर असलीस की तिला डोक्यातलं तोंडाने बोलावं लागेल. बोलताना तिचाही विचार स्वच्छ होईल, म्हणजे यात तिच्यावर उपकाराचं ओझं नाही, तिलाही तितकंच मिळतंय. तिने बोलायचं तेही अक्षरं सांगायची नाहीत. "कंस टाक, आता कोलन, आता एंटर" अशा डिक्टेशनने तुझी फक्त टायपिंगची परीक्षा होईल. तिने म्हणायचं, "आता प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी बेरीज हवी." ती कशी लिहायची ते तू शोधायचं. चुकलीस तर चुकू द्यायचं, एरर आल्यावर दोघींनी मिळून वाचायची, आणि वाचायची म्हणजे मोठ्याने आणि शेवटच्या ओळीपासून, कारण पायथन खरं कारण तळाला सांगतो. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. तेव्हा तू नेव्हिगेटर आहेस, मोबाइल हातात घ्यायचा नाही.

तिने पुढे होऊन माउस घेतला तर? घेईलच, उत्साहात घेतात. हसत म्हण, "अगं, मला करू दे, वेळ लागला तरी चालेल." आणि ती काहीतरी बोलली जे तुला कळलं नाही, तर मान डोलवू नकोस. आपल्याकडे वर्गात मान डोलवायची इतकी सवय लागते की न कळलेलंही कळल्यासारखं करून आपण घरी येतो. "तू असं का केलंस ते मला कळलं नाही", हे वाक्य पहिल्या दिवशी जड जातं, आठवड्याभरात तोंडात बसतं.

या क्षेत्राची सुरुवातच अशी झाली आहे. 1945 मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियॅक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक अमेरिकी लष्करासाठी उभा राहत होता, आणि त्यावर प्रोग्रॅम बसवायला सहा तरुणी नेमल्या होत्या. पुस्तक नाही, कोर्स नाही, प्रोग्रॅमिंगची भाषाही नाही. सुरुवातीला तर यंत्राच्या खोलीत जायची परवानगीसुद्धा नव्हती, हातात फक्त जोडणीचे नकाशे दिले होते. त्यांनी ते नकाशे पसरले, एकमेकींना समजावून सांगितले, अडलं तिथे यंत्र बांधणाऱ्या इंजिनिअरांना गाठून विचारलं. त्यांतल्या बेटी जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर जोडीने काम करत. जेनिंग्ज तेव्हा विशीतली, मिझुरी राज्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. फेब्रुवारी 1946 मध्ये यंत्र जगाला दाखवायचं ठरलं आणि तोफगोळ्याच्या मार्गाचं गणित या दोघींकडे आलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापर्यंत एक चूक सापडत नव्हती: गोळा जमिनीवर आदळला तरी गणित पुढे चालूच राहायचं. स्नायडरला रात्रीत उत्तर सुचलं, सकाळी येऊन तिने एक स्विच बदलला आणि गणित जागेवर थांबलं. कुठे थांबायचं हे चुकणं, म्हणजे जातकुळी तुझ्या दहा तारखेचीच. या दोघींना कुणी "दुसरीच्या जिवावर शिकली" असं म्हणेल का?

दादाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तो काळजीने बोलतोय, आणि इंटरव्ह्यूत तू एकटीच असशील हे खरं आहे. म्हणून जोडीच्या कामाला एक एकटीचं काम जोड. दोघींनी जे लिहिलं, त्यातला एक तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिहायचा. अख्खा प्रोग्रॅम नको, एक फंक्शन. जिथे हात थांबेल तिथे खूण कर, तेवढंच तुला येत नाहीये, बाकीचं येतंय. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या खुणेपासून करा.

पण दादाला एक सांग. तो म्हणतो तसं "तुझं तू" काम कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत चालत नाही. माझ्या टीममध्ये मी लिहिलेली ओळसुद्धा दुसऱ्या कुणी वाचून होकार दिल्याशिवाय मुख्य कोडमध्ये जात नाही. गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन) वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा काढायची, तिथे बदल करायचे, पुल रिक्वेस्ट, म्हणजे हे बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती टाकायची, सहकारी ओळीओळीवर शेरे लिहितो, ते सुधारायचे, मग मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचं. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. नवीन मुलं आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना पायथन किंवा जावा बऱ्यापैकी येत असतं. आपला कोड दुसऱ्याने वाचावा आणि त्यावर बोलावं, याची मात्र सवय नसते. पहिल्या रिव्ह्यूत सात-आठ शेरे आले की चेहरा पडतो. एका मुलीने एका फंक्शनला "डेटा2" असं नाव दिलं होतं. शेरा आला, "हे नेमकं काय करतं? नावावरून कळत नाही." तिने उत्तरात चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिलं. पुढचा शेरा होता, "हे चार ओळींतलं नावातच आण ना." तिने नाव बदलून "थकबाकी काढा" अशा अर्थाचं ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिची नावं सुधारली. शेरा कोडवर असतो, माणसावर नसतो, हे सांगून पटत नाही, दहा-वीस रिव्ह्यू झाल्यावर आपोआप अंगवळणी पडतं. तुम्ही दोघींनी हे आत्ताच सुरू करा. प्रोजेक्ट गिटहबवर ठेवा, म्हणजे गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर. जे काम वेगवेगळं बसून कराल, ते दुसरीने वाचून किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय मर्ज करायचं नाही. इंटरव्ह्यूत कुणी विचारलं की टीममध्ये काम केलंय का, तर दाखवायला तो सगळा इतिहास तारखांसकट तिथे असेल.

इथेच एक धोक्याची सूचना. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये "मिळून" याचा अर्थ बहुतेक वेळा वाटणी असा होतो. एकाने कोड, एकाने रिपोर्ट, एकाने पीपीटी. आणि रिपोर्ट-पीपीटी कुणाच्या वाट्याला जातं हे तुला माहीत आहे: जिला येत नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं तिच्या, आणि गटात मुलगे असतील तर मुलींच्या. रिपोर्ट लिहिणं हलकं काम नाही, पण तो दोघींनी लिहायचा, जसा कोड दोघींनी. व्हायव्हाला सर तुझ्याकडे वळून "हे फंक्शन समजाव" म्हणाले तर उत्तर तुझ्याकडे हवं.

अडल्यावर विचारण्याबद्दल तू थेट काही लिहिलेलं नाहीस, पण पत्रात ते आहे. विचारलं तर येत नाही हे कळेल, अशी धास्ती. ज्येष्ठ माणसं प्रश्नाला कधी कंटाळत नाहीत, "ताई, कोड चालत नाहीये, प्लीज हेल्प" या मेसेजला कंटाळतात. त्यात उत्तर देण्यासारखं काही नसतं. त्याऐवजी लिहायचं, "एक ते दहा तारखेची बेरीज करते आहे. 412 लिटर यायला हवं, 371 येतंय. लूपमधल्या तारखा छापून बघितल्या, नऊपर्यंतच येतात. कोड खाली देते." असा प्रश्न लिहिता लिहिताच निम्म्या वेळा उत्तर सापडतं. नाही सापडलं तर समोरच्याला पाच मिनिटांत सांगता येतं, आणि ही मुलगी कष्ट घेऊन विचारते हे त्याच्या लक्षात राहतं. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नकोस, एरर मजकूर म्हणून कॉपी करून पाठव.

ओपन सोर्सचं. जमेल, पण सुरुवात तिथून नको. आधी दोघींच्या प्रोजेक्टवर गिट हाताखालून जाऊ दे. घाईने काय होतं ते 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसलं. डिजिटलओशन ही कंपनी 2014 पासून दर ऑक्टोबरला ओपन सोर्सला हातभार लावायचा हा उपक्रम घेते, त्या वर्षी चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट होता. हजारो नवख्यांनी, आपल्या देशातल्या कितीतरी मुलांनीही, अनोळखी प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा निरर्थक शब्द घालून रिक्वेस्ट टाकल्या. फावल्या वेळात फुकट प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरांना तो कचरा उपसत बसावं लागलं, आणि आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रोजेक्टला हवं असेल त्यांनीच सहभागी व्हायचं. त्या मुलांचा हेतू वाईट नव्हता. शेजारी बसून "याने कुणाचं काम हलकं होतंय का?" असं विचारणारं त्यांना कुणी भेटलं नव्हतं.

तू वापरतेस अशा एखाद्या साधनापासून सुरुवात कर. "गुड फर्स्ट इश्यू" असं लेबल लावलेली कामं नवख्यांसाठी राखलेली असतात. त्याआधीही एक काम आहे जे फार थोडे लोक करतात: कुणीतरी नोंदवलेली चूक आपल्या मशीनवर करून बघायची आणि लिहायचं, "माझ्याकडे पायथनच्या या आवृत्तीवर, या पायऱ्यांनी हे होतं." तेवढं इंग्रजी तुला येतं. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. ओपन सोर्समध्ये जगभरचे लोक मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात आणि काम नीट असेल तर कुणी व्याकरण तपासत नाही. आणि तुझ्या मराठीलाही तिथे जागा आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस अशी सॉफ्टवेअर मराठीत दिसतात ती लोकांनी भाषांतर करून दिली म्हणून. त्या कामातही तपासणारा असतो, शेरे येतात, सुधारणा कराव्या लागतात, म्हणजे रिव्ह्यूची सवय मराठीतूनच लागते.

पुढच्या वर्षासाठी दोन नावं लिहून ठेव. गुगल समर ऑफ कोड, म्हणजे मानधन घेऊन ओपन सोर्स प्रोजेक्टवर काम करायचा उपक्रम, 2005 पासून चालू आहे. 2022 पासून तिथे विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही प्रवेश आहे, त्यामुळे पदवी संपली म्हणून दार बंद होत नाही. दुसरं आउटरीची. 2010 मध्ये ग्नोम या ओपन सोर्स प्रकल्पातून मुलींसाठी सुरू झालेला हा उपक्रम आता या क्षेत्रात ज्यांना सहज जागा मिळत नाही अशा सगळ्यांसाठी आहे: तीन महिने घरबसल्या काम, सोबत मार्गदर्शक, आणि मानधन 7,000 डॉलर. आउटरीचीत आधी त्या प्रोजेक्टमध्ये थोडं काम करून दाखवावं लागतं, आणि समर ऑफ कोडमध्येही बरेच प्रोजेक्ट तशी अपेक्षा ठेवतात. आणि बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स (एक खुली ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्यांच्या गटाने 2008 पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क उन्हाळी प्रशिक्षण घेतलं आहे, ते सध्या चालू आहे का ते बघून घे. ते बरंचसं चॅटवर लिहून चालतं, बोलायला बिचकणाऱ्या मुलींना ते बरं पडतं.

एआयबद्दल तुला जे खटकतंय ते योग्यच खटकतंय. त्याने दिलेला कोड चिकटवणं आणि जर्नल उतरवणं यात काही फरक नाही. पण बंदी घालून उपयोग नाही, नोकरीतही ते हाताशी असणारच आहे. दोघींनी एक शिस्त पाळा: आधी आपण लिहायचं, मग त्याला विचारायचं की यात काय चुकलंय, आणि त्याने सांगितलेली प्रत्येक ओळ एकीने दुसरीला समजावून सांगायची. समजावता आली नाही तर ती ओळ ठेवायची नाही. तुझ्या तिसऱ्या बिलात 31 तारीख असते हे तू सांगितलं नाहीस तर तो बेधडक 30 वर थांबेल, आणि फार आत्मविश्वासाने थांबेल. मैत्रीण "थांब" म्हणते, तो सहसा म्हणत नाही.

दोघींकडे मिळून एकच लॅपटॉप असेल तर उलट बरंच. लांब राहत असाल तर व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधलं लाइव्ह शेअर वापरा, दोघींना एकच फाइल दिसते आणि नेट फार लागत नाही. रात्री लाइट आणि रेंज यांचा भरवसा नसेल तर कॉलेजची लॅब सुटल्यानंतर एक तास मागून घ्या. दोन मुली प्रोजेक्टसाठी लॅब मागायला आल्या तर सरांनाही बरंच वाटेल.

राहिला क्लास. 60 हजार ही तुमच्या घरासाठी लहान रक्कम नाही, म्हणून भरण्याआधी दादाला तिथे प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचारायला सांग. विद्यार्थ्याने लिहिलेला कोड कुणी ओळीओळीने वाचून शेरे देतं का, आणि देत असेल तर एका माणसाकडे किती विद्यार्थी असतात. मुलं मिळून एखाद्या खऱ्या गिरणीचं, दुकानाचं, दवाखान्याचं काम करतात की सगळ्यांचा एकच ठरलेला प्रोजेक्ट असतो. आणि सुरू असलेल्या बॅचमध्ये एक तास मागे बसू देतील का. बसू दिलं तर त्याने शिकवणाऱ्याकडे बघू नये, मुलांच्या स्क्रीनकडे बघावं: फळ्यावरचं टाइप करतायत, की आपापसात काही विचारतायत. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचे फोटो मोजू नयेत. तिन्ही उत्तरं चांगली आली, तर दूध बिलाचा प्रोग्रॅम पप्पांच्या वापरात आल्यानंतर खुशाल क्लास लाव, तेव्हा तुला तिथे काय विचारायचं हे ठाऊक असेल. उत्तरं गुळमुळीत आली, तर त्यातले थोडे पैसे लॅपटॉपची रॅम वाढवायला आणि पायथनवाल्यांच्या एखाद्या परिषदेच्या प्रवासाला ठेव. पायकॉन इंडिया 2009 पासून भरते, आणि तिथे डेव्ह स्प्रिंट असतात: एका टेबलाभोवती बसून त्या त्या प्रोजेक्टच्या मेंटेनरबरोबर थेट काम करायचं. मैत्रिणीलाही घेऊन जा.